अध्यापन पदविकेचा खर्च, कर्ज आणि पुढील वेतन : पालकांस सल्ला देण्यापूर्वी

बारावीचा निकाल लागला की वेंगुर्ले तालुक्यातील वाडीवस्तीवरचे पालक शाळेच्या पायरीशी येतात आणि मुख्याध्यापकांस एकच प्रश्न विचारतात : "गुरुजी, चेडवाक डी. एड.क घालूया काय?" विचारणाऱ्याच्या मनात त्या वेळी दोन आकडे असतात. एक, विद्यालयाचे शुल्क. दुसरा, शेजारच्या वाडीतील कायम झालेल्या शिक्षकाचा पगार. पहिला आकडा लहान आणि दुसरा मोठा दिसतो, म्हणून उत्तर होकारार्थीच असणार अशी त्याची समजूत असते. वस्तुतः या दोन आकड्यांच्या मध्ये तिसरा एक आकडा दडलेला आहे व तो वर्षांत मोजावयाचा आहे. पदविका हाती पडल्यापासून पहिले मानधन हाती पडेपर्यंत किती काळ जातो, हा तो आकडा होय. प्रस्तुत लेख मुख्यतः त्याविषयी आहे.

हा प्रश्न पूर्वी या स्वरूपात उद्भवतच नव्हता. १८५४ च्या वूडच्या खलित्यात अध्यापनशाळांतील उमेदवारांस विद्यावेतन द्यावे अशी शिफारस होती. मुंबई इलाख्यात पुढे दीर्घ काळ व्हर्नाक्युलर फायनल उत्तीर्ण झालेला तरुण आधी शाळेवर रुजू होई आणि मग विद्यावेतनावर ट्रेनिंग कॉलेजात पाठविला जाई. पगार थोडा होता हे खरे. पण शिक्षक होण्यासाठी कोणाला जमीन किंवा दागिना गहाण टाकावा लागत नसे. आज क्रम उलट झाला आहे. आधी कुटुंबाने खर्च करावयाचा, नंतर परीक्षा द्यावयाच्या आणि त्यानंतर शासनाने जागा काढण्याची प्रतीक्षा करावयाची. प्रशिक्षणाचा भार सरकारी तिजोरीवरून घरच्या पेटीवर आला आहे. हा बदल योग्य की अयोग्य याची चर्चा येथे करण्याचे प्रयोजन नाही, मात्र सल्ला देणाऱ्याने तो विसरून चालणार नाही.

या बदलाचा कडू अनुभव महाराष्ट्राने घेतलेला आहे. २००० नंतरच्या दशकात खासगी अध्यापक विद्यालये इतक्या वेगाने निघाली की जागांच्या मानाने पदविकाधारकांची संख्या कितीतरी पटींनी वाढली. राज्यातील २९१ डी. एड. संस्थांच्या मान्यतेचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, न्यायालयाने न्या. जे. एस. वर्मा यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला आणि २०१२ च्या त्याच्या अहवालाने शिक्षक-प्रशिक्षणाच्या एकंदर दर्जाची दयनीय स्थिती उजेडात आणली. त्याच वर्षी राज्यात शिक्षक भरतीवर निर्बंध आले. ज्या कुटुंबांनी त्या काळात पैसे काढून मुलांस शिकविले, त्यांतील अनेक मुले पदविकेचे प्रमाणपत्र जवळ असूनही आज दुकानात, रिक्षावर किंवा गोव्यातील कारखान्यात काम करीत आहेत.

आता कोणता अभ्यासक्रम कोणत्या पदाकडे नेतो, ते प्रथम स्पष्ट असावे. कारण चुकीच्या अभ्यासक्रमासाठी काढलेले कर्ज हे सर्वांत महाग कर्ज होय. पहिली ते पाचवीच्या वर्गांसाठी बारावीनंतरची दोन वर्षांची प्राथमिक शिक्षण पदविका लागते. ही आता डी. एल. एड. या नावाने ओळखली जाते, लोक मात्र तिला डी. एड.च म्हणतात. सहावी ते आठवीसाठी पदवीसोबत ही पदविका किंवा बी. एड. चालते. नववी-दहावीसाठी पदवी व बी. एड. आवश्यक आहे. बी. एड. २०१५ पासून दोन वर्षांचे झाले आहे, तेव्हा बारावीनंतर त्या वाटेने जाणाऱ्यास किमान पाच वर्षे लागतात. २०१८ साली बी. एड.धारकांस पहिली ते पाचवीसाठीही दार उघडण्यात आले होते. परंतु सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२३ रोजी ते बंद केले. "बी. एड. केले म्हणजे खालचे सर्व वर्ग आलेच" असे सांगणारे अजून भेटतात. त्यांवर विश्वास ठेवू नये. शिवाय २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने २०३० पर्यंत चार वर्षांची एकात्मिक बी. एड. पदवी ही शिक्षकाची किमान अर्हता करण्याचे योजिले आहे. आज दहावीत असणाऱ्या मुलामुलींच्या पालकांनी ही गोष्ट विशेष ध्यानी घ्यावी.

पदविका मिळाल्यावर शिक्षक पात्रता परीक्षा, म्हणजे टीईटी, उत्तीर्ण व्हावे लागते. राज्यात ही परीक्षा २०१३ पासून होत आहे व खुल्या प्रवर्गास १५० पैकी ९० गुण आवश्यक आहेत. त्यानंतर अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी, २०० गुणांची. तिच्यात उत्तीर्ण-अनुत्तीर्ण असा भेद नाही. तिच्या गुणांवरून 'पवित्र' या संगणकीय प्रणालीतून जिल्हा परिषदांच्या जागा भरल्या जातात. ही चाचणी प्रथम डिसेंबर २०१७ मध्ये झाली आणि तिच्या आधारे उमेदवारांची पहिली मोठी यादी ऑगस्ट २०१९ मध्ये लागली. दुसरी चाचणी २०२३ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये झाली व तिची यादी फेब्रुवारी २०२४ मध्ये आली. तिसरी २०२५ च्या मे-जूनमध्ये झाली. दुसऱ्या चाचणीस सुमारे २ लाख १६ हजार उमेदवार बसले होते आणि जाहिरात २१ हजारांहून थोड्या अधिक पदांची होती. सर्व स्तर मिळून दहा उमेदवारांमागे एक जागा, असे हे प्रमाण पडते.

या तारखा नुसत्या वाचून सोडून देऊ नयेत, त्यांस कर्जाच्या हप्त्यांशेजारी ठेवून पाहावे. त्यासाठी एक उदाहरण घेऊ. यातील शुल्काचा व व्याजाचा आकडा हिशेब समजावा म्हणून घेतला आहे. प्रत्येक विद्यालयाचे शुल्क व प्रत्येक बँकेचा दर निराळा असतो.

समजा, मोचेमाडच्या एका मुलीने दोन वर्षांच्या शिक्षणासाठी प्रतिवर्षी ७५,००० याप्रमाणे दीड लाख रुपये बँकेकडून द. सा. द. शे. १० दराने घेतले. बँकांच्या शैक्षणिक कर्ज योजनेत साधारणपणे शिक्षणाचा काळ व त्यानंतरचे एक वर्ष हप्ता मागितला जात नाही. त्यामुळे पालकांस वाटते की हा काळ फुकटचा आहे. तो फुकटचा नसतो. पहिल्या ७५,००० वर तीन वर्षांचे सरळव्याज २२,५०० आणि दुसऱ्या ७५,००० वर दोन वर्षांचे १५,००० होते. हप्ता सुरू होण्याच्या दिवशी तिच्या नावावर १,५०,००० नसून १,८७,५०० रुपये असतात. पाच वर्षांत फेडावयाचे म्हटल्यास महिना सुमारे ३,९८४ रुपये हप्ता बसतो व एकूण परतफेड २ लाख ३९ हजारांच्या घरात जाते.

आता ही मुलगी २०१८ च्या मध्यास उत्तीर्ण झाली असे धरा. डिसेंबर २०१७ ची चाचणी तिला देता आली नाही. जुलै २०१९ पासून तिचा हप्ता सुरू झाला. पुढची चाचणी २०२३ मध्ये, यादी फेब्रुवारी २०२४ मध्ये. तिचे नाव पहिल्याच यादीत लागले असे मानले, तरी तोपर्यंत साठांपैकी पन्नासहून अधिक हप्त्यांच्या तारखा उलटून गेल्या होत्या. करोनाच्या काळात २०२० साली रिझर्व्ह बँकेने सहा महिन्यांपर्यंत हप्ते पुढे ढकलण्याची मुभा दिली होती, पण त्या महिन्यांचेही व्याज चालूच राहिले. शिक्षिकेच्या मिळकतीतून फेडावयाचे म्हणून काढलेले कर्ज शिक्षिकेची मिळकत सुरू होण्याआधीच जवळजवळ फिटले असते, किंवा थकले असते. फिटले असेल तर ते बापाच्या काजूच्या पैशांतून, भावाच्या मुंबईतील पगारातून, अथवा तिने स्वतः दुसरीकडे केलेल्या कामातून.

काजूवरून आठवले. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने निर्माण केलेल्या काजूच्या जाती आपल्या भागातील शेतकऱ्यांच्या चांगल्या परिचयाच्या आहेत. कलम लावणारा शेतकरी तिसऱ्या वर्षापासून थोडे फळ दिसू लागेल असे धरून चालतो आणि त्या बेताने कर्ज काढतो. तो सहसा फसत नाही, कारण झाडाचे फळाला येण्याचे वय ठाऊक आहे. पदविकेस असे ठरलेले वय नाही. तोच शेतकरी मुलीच्या शिक्षणाचा विचार करताना मात्र ती कलमासारखीच नेमक्या वर्षी फळेल असे गृहीत धरतो.

मिळकतीची बाजू आता पाहू. जिल्हा परिषदेच्या शाळेत निवड झालेला उमेदवार प्रथम तीन वर्षे शिक्षणसेवक असतो. ही योजना २००० साली सुरू झाली. प्राथमिक शिक्षणसेवकाचे मानधन २०२२ अखेरपर्यंत महिना ६,००० रुपये होते, ते १ जानेवारी २०२३ पासून १६,००० करण्यात आले. तीन वर्षांनंतर सातव्या वेतन आयोगाच्या २९,२०० ते ९२,३०० या श्रेणीत प्रवेश होतो. २९,२०० या मूळ वेतनावर जानेवारी २०२५ पासूनचा ५५ टक्के महागाई भत्ता १६,०६० रुपये, म्हणजे दोन्ही मिळून ४५,२६०. घरभाडे भत्ता निराळा. १ नोव्हेंबर २००५ नंतर नेमलेल्यांस जुने निवृत्तिवेतन नाही. त्यांच्या राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेसाठी मूळ वेतन व महागाई भत्त्याच्या दहा टक्के कपात होते, ती येथे ४,५२६. ही वजा जाता ४०,७०० च्या आसपास उरतात.

आपल्या उदाहरणातील ३,९८४ चा हप्ता कायम शिक्षकाच्या या मिळकतीचा दहावा हिस्सा आहे. तोच हप्ता शिक्षणसेवकाच्या १६,००० चा चौथा हिस्सा होतो. पूर्वीच्या ६,००० मानधनाचे तर तो दोनतृतीयांश खाऊन टाकी. आणि ज्याला नेमणूकच मिळाली नाही त्याच्याकडून तो सगळाच्या सगळा दुसऱ्या कोणाच्या तरी घामातून येतो.

खर्चाच्या बाजूस आणखी एक रक्कम आहे, तिची पावती कोणी देत नाही. बारावी झालेली मुलगी त्या दोन वर्षांत शिरोडा-रेडीकडे किंवा हद्दीपलीकडे मोपाच्या बाजूस कामाला गेली असती, तर काही कमावले असते. महिना १०,००० धरले तरी दोन वर्षांचे २,४०,००० होतात. दीड लाखाच्या शुल्कापेक्षा ही न मिळालेली मजुरी मोठी आहे. परतफेडीचे २,३९,००० व ही रक्कम मिळून ४,७९,००० होतात. शिक्षण संपताच नेमणूक मिळाली असे धरल्यास शिक्षणसेवक म्हणून तीन वर्षांत १०,००० च्या कामापेक्षा दरमहा ६,००० अधिक, म्हणजे २,१६,००० अधिक मिळतील. उरलेले २,६३,००० कायम झाल्यावर नऊ-दहा महिन्यांत भरून निघतील. चौथ्या वर्षाअखेर सर्व खर्च वसूल आणि पुढील तीसेक वर्षे नफ्याची! आकड्यांवरून पाहता या पदविकेसारखा सौदा दुसरा नाही, असेच कोणीही म्हणेल. जाहिराती देणाऱ्या संस्था हाच हिशेब पुढे करतात व तो खोटाही नाही. त्यातील 'नेमणूक मिळाली असे धरल्यास' एवढेच शब्द त्या हळू आवाजात उच्चारतात.

तेव्हा पालकास नकार द्यावा असे येथे सुचवावयाचे नाही. हुशार, भाषा व गणित पक्के असलेल्या आणि मुलांत रमणाऱ्या मुलीस या वाटेने जरूर जाऊ द्यावे. वि. स. खांडेकर १९२० ते १९३८ पर्यंत शिरोड्याच्या शाळेत शिकवीत राहिले ते पैशासाठी नव्हे, हे तालुक्यातील प्रत्येक शिक्षक जाणतो. मात्र कर्ज किती काढावे हे ठरविताना अपेक्षित पगार समोर न ठेवता प्रतीक्षेच्या वर्षांतील मिळकत समोर ठेवावी. नोकरी नसताना घरातून किंवा मुलीच्या इतर कामातून महिन्याला निर्वेधपणे किती रुपये निघू शकतील, तो आकडा काढावा आणि हप्ता त्याच्या आत बसेल एवढेच कर्ज घ्यावे. घरातून दोन हजारच निघत असतील तर दीड लाखाचे कर्ज त्या घरास जड आहे, मग पुढचा पगार कितीही मोठा असो. फेडीची मुदत पंधरा वर्षांपर्यंत वाढवून मिळू शकते व हप्ता लहान होतो. पण व्याजाची एकूण रक्कम फुगते, हेही त्यांस सांगावे.

शिक्षण चालू असतानाच नुसते व्याज भरत गेल्यास ओझे पुष्कळ हलके होते. आपल्या उदाहरणात पहिल्या वर्षी महिना ६२५ व पुढील दोन वर्षे १,२५० रुपये भरले, तर हप्ता सुरू होताना कर्ज दीड लाखच राहते आणि हप्ता ३,९८४ ऐवजी ३,१८७ होतो. एकंदर दहा हजारांवर बचत होते ती वेगळीच. काजू-आंब्याच्या हंगामात वर्षाचे व्याज एकदम भरणेही अनेकांस सोयीचे पडेल.

कर्ज कोठून काढावे याबाबत मतभेदास जागा नसावी, तरी प्रत्यक्षात लोक बँकेचे कागद टाळून हातउसने किंवा व्याजी पैसे घेतात. 'शेकडा दोन' हा दर कानाला गोड लागतो. तो महिन्याचा असतो, म्हणजे सालाचा चोवीस. वरच्याच दीड लाखावर त्या दराने तीन वर्षांत नुसते सरळव्याज ९०,००० होते. बँकेत ते ३७,५०० होते. बँकांच्या आदर्श योजनेत चार लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जास तारण मागितले जात नाही, पालक सहकर्जदार असावा लागतो एवढेच. संस्था मान्यताप्राप्त असणे मात्र अनिवार्य आहे, म्हणून प्रवेशापूर्वी मान्यतेचा आदेश पाहावा. २०२४ साली मंजूर झालेली पीएम विद्यालक्ष्मी ही व्याजसवलतीची योजना निवडक उच्च दर्जाच्या संस्थांपुरती आहे. आपले महाविद्यालय तिच्या यादीत आहे की नाही हे न पाहता सवलतीची आशा धरू नये.

कर्जापूर्वी सवलत शोधावी, हे उघड आहे. शासकीय व अनुदानित अध्यापक विद्यालयांतील जागा आधी मागाव्यात. मागासवर्गीय विद्यार्थ्यांस शिष्यवृत्ती व शुल्कमाफी महाडीबीटीवरून मिळते. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग आणि इतर मागास वर्गातील, आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींस व्यावसायिक पदवी अभ्यासक्रमांच्या शुल्कात पूर्ण सवलत मिळाली आहे. तीसाठी प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतून झालेला असावा लागतो, व्यवस्थापन कोट्यातून नव्हे. बी. एड.ला जाणाऱ्या मुलीने हा फरक अर्ज भरण्याच्या दिवशीच समजून घ्यावा. नंतर पश्चात्तापास उपाय नाही. पदविकेच्या बाबतीत कोणती सवलत लागू आहे याची चौकशी सिंधुदुर्गनगरी येथील जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेत करता येईल. पावतीवर नसलेले शुल्क कोणी मागितल्यास ते देऊ नये. प्रवेशासाठी देणगी घेण्यास १९८७ च्या कायद्याने मनाई आहे.

याच ओघात एका अप्रिय विषयाचा उल्लेख करणे भाग आहे. काही कुटुंबे शिक्षणाच्या कर्जावर दुसरे कर्ज काढतात, ते परीक्षेत गुण 'करून देणाऱ्या' किंवा संस्थेत जागा 'लावून देणाऱ्या' माणसासाठी. २०१९-२० च्या पात्रता परीक्षेतील गैरप्रकार उघडकीस आल्यावर ऑगस्ट २०२२ मध्ये परीक्षा परिषदेने सात हजार आठशेहून अधिक उमेदवारांचे निकाल रद्द केले. अशा पैशाची पावती नसते, तो परत मागता येत नाही आणि त्यावरचे व्याज थांबत नाही.

जागा निघाल्या तरी त्या आपल्याच जिल्ह्यात मिळतील असे नाही, हाही भाग सिंधुदुर्गात दुखरा आहे. 'पवित्र'मधून राज्यभरच्या उमेदवारांस कोणत्याही जिल्ह्याचा पसंतीक्रम देता येतो. येथे घाटावरचे शिक्षक येतात, काही वर्षांनी आंतरजिल्हा बदलीने परत जातात, जागा पुन्हा रिक्त होते आणि स्थानिक पदविकाधारक बाहेरच राहतात. यावरून जिल्ह्यात वेळोवेळी आंदोलने झाली आहेत. २०२४ साली कमी पटाच्या शाळांत महिना १५,००० मानधनावर कंत्राटी नेमणुकांचा निर्णय झाला, तेव्हा अनेकांस आशा वाटली. फेब्रुवारी २०२५ मध्ये तो निर्णय रद्द झाला. अशा तात्पुरत्या मानधनाच्या भरवशावर हप्त्याचे नियोजन करू नये. उलट वेंगुर्ल्याच्या मुलीस पालघर किंवा गडचिरोलीत नेमणूक मिळाली, तर १६,००० मधून खोलीभाडे व प्रवास वजा करूनच उरलेल्यातून हप्ता मोजावा लागेल. पटाचाही विचार हवा. शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीत साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक असतात. आपल्या वाड्यांतील बहुतेक शाळा त्या साठाच्या बऱ्याच खाली आहेत, आणि मुले कमी होत चालली असताना नव्या जागा मुख्यतः निवृत्तीमुळेच निघणार. गोव्याचा पर्याय अनेक पालक सुचवितात. तेथील सरकारी नोकरीस पंधरा वर्षांच्या रहिवासाचा दाखला व कोकणीचे ज्ञान लागते.

प्रतीक्षेची वर्षे रिकामी जाऊ नयेत म्हणून पदविकाधारक मुलीने त्या काळात मुक्त विद्यापीठातून पदवी पूर्ण करणे श्रेयस्कर ठरते. खर्च त्या मानाने थोडा, कामही करता येते आणि सहावी ते आठवीच्या जागांसाठी ती पात्र होते. मात्र त्या वर्गांसाठी पात्रता परीक्षेचा दुसरा पेपर निराळा द्यावा लागतो. २०२१ पासून पात्रतेचे प्रमाणपत्र आजन्म ग्राह्य धरले जात असल्याने हे दोन्ही पेपर लवकर उरकून ठेवण्यात लाभच आहे.

शेवटी सेवेतील बंधुभगिनींसाठी दोन शब्द. सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ च्या निकालात, ज्यांच्या सेवेची पाचांहून अधिक वर्षे शिल्लक आहेत अशा कार्यरत शिक्षकांनाही दोन वर्षांत पात्रता परीक्षा उत्तीर्ण होण्यास सांगितले आहे. ज्यांची पाच वर्षांहून कमी सेवा उरली आहे त्यांस नोकरीसाठी ही अट नाही, पदोन्नतीसाठी आहे. काही शिक्षक पदोन्नतीच्या आशेने पतपेढीतून कर्ज घेऊन बी. एड.ला प्रवेश घेत आहेत. त्यांनी आधी परीक्षेचा अर्ज भरावा व नंतर बी. एड.चा, कारण परीक्षेवाचून पदोन्नती नाही आणि पतपेढीचा हप्ता मात्र पगारपत्रकातून पुढच्याच महिन्यापासून कापला जाईल.